संग्रह वाचून दिलेला पुरस्कार

२०२५ च्या मे महिन्यात बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या ‘हार्ट लॅम्प’ या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कथासंग्रहाला हा मान पहिल्यांदाच मिळाल्यामुळे मराठीतही कथेविषयी पुन्हा बोलले जाऊ लागले. पुण्यात तेव्हापासून दोन-चार लिहिणारी माणसे एकत्र आली की एक प्रश्न हमखास निघतो : मराठी कथासंग्रहासाठी स्वतंत्र, भरीव आणि प्रतिष्ठेचा असा एक पुरस्कार असावा की नसावा? प्रश्न महत्त्वाचा आहे, त्याची चर्चा मात्र वाईट चालली आहे. एक बाजू म्हणते, कथा मरणपंथाला लागली आहे, तिला पुरस्काराचा टेकू द्या. दुसरी बाजू म्हणते, सकस साहित्याला टेकू लागत नाही, कथेने कादंबरीच्या मैदानात उतरून जिंकून दाखवावे. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली आहे, ती म्हणजे कथासंग्रह हा कादंबरीइतक्याच गांभीर्याने, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एक पुस्तक म्हणून वाचला जातो. तो तसा वाचला जात नाही, आणि सगळ्या वादाचे मूळ तिथे आहे.

माझे मत आधीच सांगतो. स्वतंत्र पुरस्कार हवा. पण तो संग्रहाला हवा. संग्रहातल्या एखाद्या गाजलेल्या कथेला नको, कथाकाराच्या एकूण कारकिर्दीला नको, आणि त्याच्या वयाला तर मुळीच नको. शिवाय परीक्षकांनी हेच पुस्तक का निवडले याची कारणे आपल्या नावानिशी लिहून छापली पाहिजेत. या दोन गोष्टी होणार नसतील, तर मराठीत आणखी एका पुरस्काराची भर घालण्याचे काही कारण मला दिसत नाही.

विरोधकांचा पहिला मुद्दा हाच आहे आणि तो खरा आहे. मराठीत पुरस्कारांचा तुटवडा नाही. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांमध्ये लघुकथेसाठी दिवाकर कृष्णांच्या नावाचा आणि पहिल्या कथासंग्रहासाठी ग. ल. ठोकळांच्या नावाचा पुरस्कार आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेचे वार्षिक ग्रंथपुरस्कार आहेत. त्याखेरीज गावोगावच्या संस्थांचे आणि कुणाच्या ना कुणाच्या स्मृतीप्रीत्यर्थ दिले जाणारे किती पुरस्कार आहेत, याची मोजदाद करणे कठीण आहे. कथाकाराला वर्षभरात कुठे ना कुठे शाल-श्रीफळ मिळू शकते. मग अडले कुठे? हे पुरस्कार जाहीर होतात तेव्हा वर्तमानपत्रात नावांची यादी येते. समारंभात मानपत्र वाचले जाते, त्यात लेखकाचे गाव, शिक्षण आणि ग्रंथसंपदा येते. पण त्या वर्षीच्या दहा-वीस संग्रहांमध्ये हाच संग्रह का सरस ठरला, त्यातली कोणती गोष्ट परीक्षकांना पूर्वी कुणी न केलेली वाटली, दुसऱ्या क्रमांकाचे पुस्तक कोणते होते आणि ते कशात कमी पडले, यांपैकी काहीही वाचकाच्या हाती लागत नाही. निवाडा मिळतो, न्यायपत्र मिळत नाही. ज्या भाषेत नियतकालिकांतून गंभीर ग्रंथपरीक्षणाची जागा आक्रसत गेली आहे, त्या भाषेत पुरस्कार हे एका अर्थी शेवटचे परीक्षण असते. ते निःशब्द असावे, ही मोठी हानी आहे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या ग्रंथपुरस्कारांसाठी मी परीक्षक होतो. कादंबऱ्या, कथासंग्रह, ललितगद्य अशा सर्व प्रवेशिका एकाच गटात होत्या. पुस्तके खोक्यांतून घरी आली आणि पुरेसा वेळ नसतानाही आम्ही सगळ्यांनी प्रामाणिकपणे वाचन केले, याविषयी मला शंका नाही. निर्णयाच्या बैठकीनंतर सगळ्यांच्या प्रती कार्यालयातल्या टेबलावर परत आल्या, तेव्हा त्या सहज चाळल्या. कादंबऱ्या शेवटपर्यंत हाताळलेल्या होत्या. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. कथासंग्रहांची पहिल्या दोन-तीन कथांची पाने सैल झालेली होती, शीर्षककथेवर खुणा होत्या आणि शेवटच्या तिसऱ्या भागातली कित्येक पाने कापलेल्या कडेला अजून एकमेकांना चिकटलेली होती. यात कुणाच्या आळसाचा प्रश्न नव्हता. कादंबरी अर्धवट सोडून तिच्याविषयी बोलता येत नाही, ही जाणीव वाचणाऱ्याला शेवटपर्यंत नेते. संग्रहातल्या पाच कथा वाचून ‘या लेखकाचा अंदाज आला’ असे म्हणण्याची मुभा आपण सर्वांनी परस्पर घेतलेली आहे.

त्या बैठकीत ऐकलेले आणि त्यानंतरही अनेकदा ऐकलेले एक वाक्य म्हणजे ‘संग्रह असमान आहे’. हा शेरा बारकाईने तपासून पाहण्यासारखा आहे. चारशे पानांच्या कादंबरीत मधली साठ पाने रेंगाळली, तर आपण ती विसरतो. कादंबरीचा आवाका मोठा आहे, एवढे होणारच, असे म्हणतो. बारा कथांच्या संग्रहात दोन कथा फिक्या निघाल्या, तर त्या मोजल्या जातात आणि सबंध पुस्तकाच्या खात्यावर उणे पडतात. म्हणजे कादंबरीचे मूल्य तिच्या शिखरांवरून ठरते आणि कथासंग्रहाचे त्याच्या सरासरीवरून. दोन वेगळ्या तराजूंनी तोललेल्या वस्तू एकाच यादीत ठेवून ‘खुली स्पर्धा’ झाली असे म्हणणे कितपत योग्य आहे?

खुल्या स्पर्धेचा पुरस्कार करणाऱ्यांकडे याला एक ठोस उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार सर्व वाङ्मयप्रकारांना मिळून एकच असतो. तो २०१२ साली जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला, २०१६ साली आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला आणि २०२१ साली किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला मिळाला. दहा वर्षांत तीन कथासंग्रह! मग कथेवर अन्याय कुठे झाला? ही तिन्ही पुस्तके त्या मानाला पूर्णपणे पात्र आहेत आणि त्यांच्या निवडीने कथेला जे बळ मिळाले, ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण त्याच अकादमीच्या यादीत जरा मागे जाऊन पाहावे. नवकथेचे अध्वर्यू गंगाधर गाडगीळ यांना हा पुरस्कार मिळाला १९९६ साली, ‘एका मुंगीचे महाभारत’ या आत्मचरित्राला. व्यंकटेश माडगूळकरांना मिळाला १९८३ साली, ‘सत्तांतर’ या कादंबरीला. विजया राजाध्यक्षांना मिळाला १९९३ साली, मर्ढेकरांच्या कवितेवरील समीक्षाग्रंथाला. आशा बगे यांना मिळाला २००६ साली, ‘भूमी’ या कादंबरीला. या चारही पुस्तकांच्या योग्यतेबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांचे नाव उच्चारताच मराठी वाचकाला आधी कथा आठवते, अशा चार लेखकांनी कथेखेरीज दुसरे काही लिहीपर्यंत हा सन्मान त्यांच्याकडे आला नाही, हा केवळ योगायोग मानायचा का? आणि अलीकडच्या तीन संग्रहांतल्या कथा बहुतांशी दीर्घ पल्ल्याच्या आहेत, कादंबरीच्या आवाक्याशी नाते सांगणाऱ्या आहेत, हेही लक्षात घ्यायला हवे. दीर्घकथा हा मराठीचा मोठा अभिमानाचा भाग आहे. परंतु आठ पानांत एक आयुष्य उभे करून थांबणाऱ्या कथेला त्या यादीत कितीशी जागा मिळाली आहे?

जी. ए. कुलकर्णींचे उदाहरण तर या संपूर्ण विषयाच्या केंद्रस्थानी ठेवावे असे आहे. १९७३ चा अकादमी पुरस्कार ‘काजळमाया’ला मिळाला. मराठी कथेच्या इतिहासात यापेक्षा यथार्थ निवड दाखवणे कठीण आहे. पण पुस्तक नेमके कधी प्रकाशित झाले, ते नियमात बसते की नाही, यावरून वाद निघाला आणि जी. एं.नी तो पुरस्कार परत केला. आज त्या प्रसंगाचा उल्लेख होतो तो लेखकाच्या मानी स्वभावाचा दाखला म्हणून. मला त्यात दुसरेच काही दिसते. ‘काजळमाया’ हे पुस्तक म्हणून काय करते, त्यातल्या कथा एकमेकींच्या शेजारी ठेवल्यामुळे नियतीविषयीचे त्यांचे चिंतन कसे गडद होत जाते, याविषयीचा निवाडा लोकांच्या स्मरणात राहायला हवा होता. स्मरणात राहिली ती तारीख.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो. कथेचा खरा एकक कथा आहे, संग्रह नव्हे, असे काही अभ्यासू मित्र म्हणतात. मराठी कथा अंकांतून जगली : हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली पुण्यात सुरू केलेल्या ‘करमणूक’पासून, १९०९ साली निघालेल्या ‘मनोरंजन’च्या पहिल्या दिवाळी अंकापासून, ते ‘सत्यकथा’पर्यंत वाचकाला कथा भेटली ती एकेकटी. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाला गावोगाव गर्दी लोटली, ती एकेका कथेसाठी. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ शालेय पाठ्यपुस्तकातून हजारो मुलांपर्यंत पोचली. ती ज्या संग्रहात आहे त्याचे नाव त्यांतल्या किती जणांना सांगता येईल? तेव्हा पुरस्कार द्यायचाच तर वर्षातल्या सर्वोत्तम कथेला द्या; संग्रह ही नुसती बांधणी आहे, पाच-सहा वर्षांत साठलेले लेखन एकत्र शिवण्याची सोय आहे, असे हे म्हणणे.

वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून हे बरेचसे बरोबर आहे. दिवाळी अंकांतून दहा-बारा कथा साठल्या की लेखक प्रकाशकाकडे जातो. प्रकाशक म्हणतो, सात फर्मे (छापील पानांचे गठ्ठे) होतायत, आणखी दोन-तीन फर्म्यांचा मजकूर द्या, नाहीतर किंमत लावता येत नाही आणि पुस्तक हातात घेतल्यावर भरीव वाटत नाही. मग लेखक बाजूला ठेवलेल्या जुन्या कथा शोधून काढतो. अनुक्रम बहुधा प्रसिद्धीच्या सालांनुसार लागतो किंवा सर्वांत गाजलेली कथा आधी येते आणि तिचेच नाव पुस्तकाला मिळते. परीक्षकांना खटकणारी ती ‘असमानता’ इथे, फर्म्यांच्या हिशेबात जन्माला येते. पण जे चालू आहे तेच त्या प्रकाराचे स्वरूप आहे, हा निष्कर्ष मला मान्य नाही. ‘माणदेशी माणसं’ हे १९४९ चे पुस्तक घ्या. त्यातले एकेक माणूस स्वतंत्रपणे वाचता येते आणि मनात राहते. पण माणदेश नावाचा तो दुष्काळी, कष्टाळू, चिवट मुलूख कोणत्या एका प्रकरणात आहे? तो कुठल्याच एकात नाही. सगळी माणसे एकामागून एक भेटून गेल्यावर तो वाचकाच्या मनात तयार होतो. बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’मध्ये शीर्षककथा सर्वांत प्रसिद्ध आहे, परंतु ती एकटी वाचली तर एका माणसावरचा प्रसंग वाटू शकतो. तिच्या आगेमागच्या कथा वाचल्या की तो प्रसंग अपवाद नाही, ही त्या समाजाची रोजची रीत आहे, हे टाळता न येणाऱ्या स्पष्टतेने समोर येते. हे काम एकटी कथा करू शकत नाही. कादंबरीही ते असे करू शकत नाही, कारण कादंबरी एका सूत्राशी बांधलेली असते आणि वाचक त्या सूत्राला दोष देऊन सुटू शकतो.

ज्या ‘हार्ट लॅम्प’चा दाखला दोन्ही बाजू देतात, तोही या दृष्टीने पाहावा. बानू मुश्ताक यांनी तीन दशकांहून अधिक काळात लिहिलेल्या कथांमधून अनुवादक दीपा भास्ती यांनी १२ कथा निवडल्या आणि त्या निवडीतून एक नवे पुस्तक तयार झाले. कन्नडमध्ये या कथा वेगवेगळ्या संग्रहांतून आधीच उपलब्ध होत्या. परीक्षकांसमोर जे आले ते वगळणाऱ्या आणि निवडणाऱ्या डोळस हातांनी घडवलेले पुस्तक होते, आणि त्या पुरस्काराची ५०,००० पौंडांची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटली जाते. ‘बघा, कथासंग्रह खुल्या स्पर्धेत जिंकला’ असे म्हणणाऱ्यांनी तो संग्रह कसा सिद्ध झाला हेही सांगितले पाहिजे. मराठीत कथेला संपादक लाभले. ‘सत्यकथे’च्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन एकेका कथेवर लेखकाशी किती आस्थेने पत्रव्यवहार करत, हे सर्वश्रुत आहे. संग्रहाला मात्र संपादक क्वचितच मिळाला. प्रतिष्ठेचा एक पुरस्कार जर पुस्तकाची रचना, क्रम, वगळण्याचा विवेक यांकडे पाहून दिला जाऊ लागला आणि ते पाहिल्याचे लेखी दिसू लागले, तर प्रकाशक फर्मे भरण्याचा आग्रह सोडतील आणि लेखक दोन चांगल्या कथासुद्धा पुस्तकाच्या हितासाठी बाहेर ठेवायला धजावतील. पुरस्काराने प्रतिभा निर्माण होत नाही हे मान्य. पण व्यवहाराच्या सवयी त्याने बदलू शकतात.

‘सत्यकथे’चे नाव घेतले की दुसरा आक्षेप येतो आणि तो यायलाच हवा. निवाडा कोण करणार? एका विशिष्ट वर्गाच्या, विशिष्ट शहरांच्या अभिरुचीने काय श्रेष्ठ ते ठरवले, हा आरोप त्या मासिकावर झाला, लघुनियतकालिके, म्हणजे स्वतःच्या बळावर छोटे अंक, काढणाऱ्या तरुणांनी त्याच्या अंकांची होळी केली. पुण्यातून दिला जाणारा पुरस्कार म्हटल्यावर मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या, विदर्भातल्या लेखकाच्या मनात तीच शंका येणार. तिला ‘आम्ही निःपक्षपाती आहोत’ असे उत्तर देणे निरर्थक आहे. कारणे छापण्याचा माझा आग्रह मुख्यतः याच शंकेपोटी आहे. लिहिलेल्या कारणाशी भांडता येते. परीक्षकाने बोलीभाषेतला संवाद ‘दुर्बोध’ म्हणून बाजूला सारला असेल, तर ते छापील रूपात दिसेल आणि त्याला जाब विचारता येईल. आज तो शेरा बैठकीच्या खोलीत उच्चारला जातो आणि तिथेच विरतो. परीक्षक मंडळ दर वर्षी बदलले पाहिजे, त्यात पुण्याबाहेरची माणसे बहुसंख्य असली पाहिजेत आणि एखादा तरी ग्रंथपाल असला पाहिजे, कारण कोणता संग्रह कपाटात पडून राहतो आणि कोणता हातोहात फिरतो हे त्याला प्राध्यापकापेक्षा जास्त ठाऊक असते.

परदेशातला एक दाखला इथे उपयोगी आहे. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात २००५ साली फ्रँक ओ’कॉनर या कथाकाराच्या नावाने केवळ कथासंग्रहासाठी एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. त्या शहराच्या नगर परिषदेने त्याला पैसा पुरवला आणि एका प्रादेशिक साहित्यकेंद्राने तो चालवला. हारुकी मुराकामी, झुंपा लाहिरी यांच्यासारखी नावे त्याच्या यादीत आली. २००८ साली मात्र परीक्षकांनी अंतिम यादी जाहीर न करताच लाहिरींचे पुस्तक विजयी ठरवले. पुस्तक थोरच होते. पण अंतिम यादी हाच तर अशा पुरस्काराचा अर्धा उपयोग असतो. चार-पाच अपरिचित संग्रह त्यातून महिनाभर तरी वाचकांच्या नजरेसमोर राहतात. ती संधी त्या वर्षी इतर संग्रहांना मिळाली नाही. पुढे २०१५ नंतर हा पुरस्कार बंद झाला. त्यातून मी दोन गोष्टी घेतो. मध्यम आकाराचे, स्वतःच्या साहित्यपरंपरेचा अभिमान असलेले एक शहर असे काम अंगावर घेऊ शकते. आणि अंतिम यादी ही परीक्षकांच्या मर्जीवर सोडायची गोष्ट नाही, ती नियमातच असली पाहिजे.

पुण्याने हे करावे असे मला वाटते ते पुण्याच्या मोठेपणासाठी नाही. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जेवढे प्रकाशक, वितरक आणि विक्रेते एकवटले आहेत तेवढे अन्यत्र नाहीत, आणि संग्रह घडण्याच्या ज्या सवयी बदलायच्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच याच गल्ल्यांमध्ये पडल्या आहेत. शिवाय ‘करमणूक’मधून स्फुट गोष्टी लिहिणारे हरिभाऊ या शहराच्या नगरपालिकेचे अध्यक्षही होते, कथा आणि नागरी कारभार एका माणसात नांदल्याचे उदाहरण असलेल्या शहराच्या महापालिकेने कथासंग्रहाच्या पुरस्कारासाठी कायमचा निधी द्यावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. फक्त निधी देणाऱ्याचा निवडीशी संबंध नसावा, हे पहिल्याच दिवशी कागदावर यायला हवे.

रकमेविषयी आपल्याकडे फार बोलले जाते, म्हणून एवढेच सांगतो की पुरस्काराचा निम्मा पैसा लेखकाला रोख द्यावा आणि निम्म्यातून विजेत्या संग्रहाच्या आणि अंतिम यादीतल्या संग्रहांच्या प्रती विकत घेऊन ग्रंथालयांना द्याव्यात. राज्यात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत आणि मराठी कथासंग्रहाची आवृत्ती बहुधा पाचशे ते हजार प्रतींची असते. या दोन आकड्यांतले अंतर थोडेसे जरी कमी झाले, तरी ‘पुरस्काराने वाचक मिळत नाहीत’ हा आक्षेप पूर्वीच्या जोराने घेता येणार नाही. प्रवेशिका म्हणून लेखकाकडून फुकट प्रती मागवण्याची प्रथाही याच वेळी मोडावी. अकोल्याच्या किंवा गडहिंग्लजच्या लेखकाने स्वखर्चाने प्रती आणि टपालखर्च भरून स्वतःलाच उमेदवार करायचे आणि प्रकाशकाने हात वर करायचे, यात मान कुणाचाच राहत नाही. संस्थेने त्या वर्षीचे संग्रह विकत घ्यावेत. वर्षभरात निघणारे सगळे मराठी कथासंग्रह विकत घेण्याचा खर्च एका समारंभाच्या मांडवापेक्षा जास्त येणार नाही.

आणि एखाद्या वर्षी योग्य संग्रह मिळाला नाही, तर पुरस्कार देऊ नये. याला कथेच्या कैवाऱ्यांचाच सर्वांत जास्त विरोध होईल, हे मी जाणतो; कथेची उपेक्षा तुम्हीच सिद्ध करताय, असे ते म्हणतील. पण त्या वर्षीही परीक्षकांचे निवेदन छापले जावे, आणि त्यात कोणकोणते संग्रह शेवटपर्यंत विचारात होते, ते संग्रह म्हणून कुठे उभे राहिले आणि कुठे ढासळले, कोणती कथा बाहेर ठेवली असती तर पुस्तक अधिक भक्कम झाले असते, हे नावानिशी लिहिलेले असावे. नव्याने कथा लिहिणाऱ्याला कुणाच्या तरी अभिनंदनापेक्षा त्या पाच-सहा पानांचा उपयोग जास्त होईल, आणि पुढच्या वर्षीच्या परीक्षकांना शेवटच्या कथेपर्यंत वाचल्याशिवाय ती पाने लिहिता येणार नाहीत.